गुरुवारचे घर

गेल्या डिसेंबरात माझ्या भाचीची मुलगी चार दिवसांसाठी पुण्याला आली होती. राजापूर तालुक्यातल्या आमच्या मूळ गावी ती वाढली, रत्नागिरीला शिकली आणि तिथेच एका पेढीवर नोकरीला लागली. वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत तिने पुणे पाहिले नव्हते. आल्या आल्या तिने पिशवीतून एक यादी काढून माझ्यापुढे धरली. यादीचे दोन भाग होते. डावीकडे ‘खायचे’, उजवीकडे ‘बघायचे-ऐकायचे’. डावीकडे नारायण पेठेतली मिसळ, मस्तानी, बाकरवडी, इराण्याच्या हॉटेलातला बन-मस्का, वैशालीतला डोसा आणि कुठल्यातरी खोलीवजा दुकानातला अमृततुल्य चहा. उजवीकडे शनिवारवाडा, केळकर संग्रहालय, बालगंधर्व रंगमंदिरातले एखादे नाटक आणि सवाई गंधर्व महोत्सवाची एक संध्याकाळ.

मला त्या यादीचे हसू आले नाही. एखादे शहर चाखण्यासाठी आणि ऐकण्यासाठी पाहायला यावे, हा हेतू मला चांगलाच वाटतो. कामासाठी येणारा माणूस शहराकडे पाहतच नाही. त्याला कचेरीचा जिना तेवढा दिसतो. ही मुलगी चारही दिवस डोळे आणि जीभ उघडी ठेवून हिंडली. रात्री घरी आली की त्या दिवसाचे सगळे सांगायची आणि मग सांगितलेल्या नोंदींवर यादीत खूण करायची.

शेवटच्या रात्री सगळ्या खुणा झाल्या. तिने खर्चाची बेरीज केली, आकडा मला वाचून दाखवला आणि समाधानाने म्हणाली, “हिशेब पूर्ण, आजोबा. पुण्याचं एका पैशाचंही देणं ठेवलं नाही मी.”

ती सहज बोलली होती. पण ते वाक्य मला लागून राहिले, कारण तसेच एक वाक्य आमच्या घराने पूर्वी एका पत्रात वाचले होते, आणि ते वाचून माझे वडील आठ दिवस कुणाशी धड बोलले नव्हते. पुढे जे लिहितो आहे ते त्या दोन वाक्यांच्या मधल्या अंतराविषयी आहे. प्रश्न साधा आहे. आपण एखाद्या गावी जातो, तिथले अन्न खातो, तिथले गाणे ऐकतो आणि त्याची मागितलेली किंमत रोख मोजतो. एवढे केल्यावर आपण त्या गावाचे काही लागतो की नाही?

या मुलीने जे जे चाखले त्याच्याकडे आधी पाहू. आपण त्याला पुणेरी म्हणतो. पण त्यातले बहुतेक पाहुण्यांनी इथे आणले आहे. बाकरवडीने प्रसिद्ध झालेले चितळे सांगलीजवळच्या भिलवडीहून आले. अमृततुल्याची दुकाने पुष्कळशी राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी थाटली. गुडलकसारखी हॉटेले इराणी माणसांनी चालवली. वैशालीचे जगन्नाथ शेट्टी दक्षिण कन्नडकडून पोरवयात पोटासाठी घराबाहेर पडले आणि हॉटेलांत पडेल ते काम करीत वर आले. आज परगावची माणसे हौसेने पुण्याला खायला येतात; पण ज्यांच्या हातचे ती खातात, त्यांचे पूर्वज इथे पहिल्यांदा आले ते भूक घेऊन आले होते.

गाण्याचेही तेच. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर धारवाडकडचे. त्यांचे शिष्य भीमसेन जोशी हेही कर्नाटकातले. गुरूच्या शोधात त्यांनी अकराव्या वर्षी घर सोडले, गाडीभाड्याला पैसे नसताना गाणे म्हणत हिंदुस्थानभर फिरले आणि शेवटी घराजवळच, कुंदगोळला, गुरूच्या घरी पाणी भरत शिकले. १९५२ साली सवाई गंधर्व वारले आणि १९५३ पासून भीमसेनांनी त्यांच्या स्मरणार्थ पुण्यात हा उत्सव सुरू केला. पुढे कित्येक वर्षे तो रात्रभर चाले. मांडीवर शाल घेऊन पहाटेपर्यंत बसलेली माणसे मी पाहिली आहेत, त्यांत मीही असे. आता काळवेळेची बंधने आली, जागा बदलली, मंडपाबाहेर खाद्यपदार्थांच्या दुकानांची रांग लागू लागली. पण मूळ गोष्ट तीच आहे. एका शिष्याने गुरूचे देणे गुरूला परत दिले नाही, तर अनोळखी हजारो लोकांना वाटून दिले. माझ्या नातीने तिकीट काढले ते बसायच्या जागेचे. त्या मंडपात जे वाटले जात होते त्याचे तिकीट कुठेच मिळत नाही.

केळकर संग्रहालयातून आल्यावर ती थोडी गप्प होती. तिथे राजवाड्याच्या वस्तू असतील अशा समजुतीने ती गेली होती. आणि पाहते तो विळ्या, अडकित्ते, दिवे, स्वयंपाकाची भांडी, सांडशा. दिनकर केळकर हे कवी. ‘अज्ञातवासी’ या नावाने लिहीत. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने त्यांनी ही साठवण उभी केली. ती म्हणाली, “आजोबा, नारळ खोवायच्या विळीला कुणी मोराचा आकार दिला असेल? पाहणार कोण होतं, घरातल्या बाईशिवाय?” यादीतल्या डाव्या आणि उजव्या भागांमधली रेघ तिथे तिच्या नकळत पुसट झाली असावी. रांधणारीच्या हाताशी जी वस्तू रोज असते ती सुंदर असावी, असे ज्याला वाटले त्याने अन्न आणि संस्कृती असे दोन रकाने केले नव्हते.

त्या विळीवरून मला वडिलांची आठवण झाली, आणि त्या रात्री तिला मी त्यांच्या पहिल्या पुण्याची हकिकत सांगितली.

वडील १९३४ साली पुण्याला आले. आमच्या गावाहून घाट चढून कोल्हापूर आणि तिथून मिरजेवरून रेल्वेने पुणे. बरोबर एक वळकटी, एक तांब्या आणि ओळखीची दोन पत्रे. त्यांनाही पुण्यात खायचे होते आणि ऐकायचे होते. ऐकायचे म्हणजे कॉलेजातली व्याख्याने. फीचे पैसे मामांनी दिले होते. जेवणाला पैसे नव्हते. म्हणून पुष्कळ गरीब मुलांप्रमाणे त्यांनी वार लावले. ही पद्धत आता तरुण वाचकांना समजावून सांगावी लागेल. सात घरी विनंती करायची, सात घरांनी आठवड्यातला एकेक दिवस वाटून घ्यायचा, आणि त्या त्या दिवशी त्या घरी दोन्ही वेळा जेवायचे. याची थोरली बहीण म्हणजे माधुकरी. तीत झोळी घेऊन दारोदार जायचे आणि प्रत्येक घरून थोडे थोडे शिजलेले अन्न आणायचे. मधुकर म्हणजे भुंगा. तो फुलाला न दुखवता थोडासा मध घेतो आणि पुढे जातो, अशी ती कल्पना. १९०९ साली पुण्यात निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहातली मुलेही माधुकरी मागत.

कल्पना सुंदर होती. प्रत्यक्षात काय असे, ते वडील क्वचितच सांगत. वाढणारीच्या पळीचा भांड्याला जो आवाज होतो, त्यावरून आमटी आणखी मागावी की नाही हे त्यांना कळू लागले होते. सोमवारच्या घरी श्रावण पाळत, म्हणून त्या महिन्यात सोमवारी दिवसभर काही नसे. शनिवारच्या घरची आजी, हा मुलगा पास होणार की नाही, असे त्याच्यासमोरच पानावर बसलेल्या इतरांना विचारी. वडील म्हणत, “सात घरची सात तऱ्हेची मिठे खाल्ली, आणि सात घरी सात तऱ्हेने खाली पाहायला शिकलो.”

गुरुवारचे घर मात्र निराळे. शनिवार पेठेत नदीच्या अंगाला एका वाड्यात दोन खोल्या. गृहस्थ छापखान्यात खिळे जुळवीत. दोन लहान मुले. त्या घरी पळीचा आवाज होत नसे. बाई पहिल्यापासून पोटभर वाढत आणि स्वतः मात्र कधी पानावर बसत नसत. पहिल्याच गुरुवारी वडिलांनी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “माझा दत्ताचा उपास असतो हो गुरुवारी. तुम्ही जेवा सावकाश.” चार वर्षे वडील त्या घरी गुरुवारी जेवले आणि चार वर्षे बाईंचा उपास होता.

पुढे वडील रत्नागिरीला शाळेत शिक्षक झाले. संसार लागला, हातात थोडे पैसे आले. १९४६ साली ते पुण्याला गेले तेव्हा त्यांनी मनाशी एक हिशेब केला होता. सुट्ट्या वजा जाता चार वर्षांचे सुमारे दीडशे गुरुवार, म्हणजे तीनशे जेवणे. त्यांच्या विद्यार्थिदशेतल्या खाणावळीचा दर चार आणे धरला तर पाऊणशे रुपये. ते एका पाकिटात घातले, एक लुगडे घेतले आणि गुरुवार पाहूनच ते त्या वाड्यात गेले. बाई पानावर बसल्या होत्या. वडिलांना पाहून त्या गडबडीने उठू लागल्या. वडील म्हणाले, “आज गुरुवार, उपास सोडलात वाटतं?” बाई काही बोलायच्या आत त्यांची मुलगी, तेव्हा ती पंधरा-सोळा वर्षांची असेल, हसत म्हणाली, “आईचा गुरुवार तुम्ही आलात तेव्हा लागला होता, दादा. तुम्ही परीक्षा देऊन गेलात आणि सुटला.”

बाईंनी लुगडे घेतले. पाकिटाला हात लावला नाही. म्हणाल्या, “हे घेतलं तर चार वर्षं मी खाणावळ चालवली असं होईल. तुमच्याही घरी एखादा गुरुवार ठेवा, म्हणजे झालं.”

तो वाडा आता नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतून पाणी फिरले, त्यात तो गेला. तेव्हा मी नुकताच कॉलेजसाठी पुण्यात आलो होतो. चिखल वाळल्यावर वडिलांच्या सांगण्यावरून मी त्या जागी जाऊन आलो. एक भिंत उभी होती. ती माणसे त्याआधीच घर सोडून गेली होती. कुठे, ते कुणाला सांगता आले नाही. म्हणजे आमच्या घरावरच्या त्या ऋणाला आता पत्ता उरलेला नाही.

शतपथ ब्राह्मणात म्हटले आहे की मनुष्य जन्मतःच ऋणी असतो. देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे ऋण आपल्याला ठाऊक असते. पण त्या ग्रंथात चौथे ऋण सांगितले आहे ते माणसांचे. ते फेडायचे कसे, तर माणसांना आसरा देऊन आणि अन्न देऊन. यात मोठी मार्मिक गोष्ट अशी की, ज्याने आपल्याला खाऊ घातले त्यालाच परत खाऊ घाला असे तिथे म्हटलेले नाही. ऋण माणसांचे आहे, ते माणसांना फेडायचे. गुरुवारच्या बाईंनी शतपथ ब्राह्मणाचे नावही ऐकले नसेल, पण त्या बोलल्या ते हेच.

परंतु इथेच थांबलो तर लेख गोड होईल आणि खोटा होईल. जुन्या काळचे अगत्य थोर आणि आजचे विकत घेतलेले जेवण हलके, असा निवाडा मला द्यायचा नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस याने १९२५ साली देणगीविषयी एक निबंध लिहिला. देणे, घेणे आणि परत करणे या तिन्हींची सक्ती देणगीत लपलेली असते आणि ज्याला परत करता येत नाही तो देणाऱ्यापुढे खाली जातो, असे त्याने दाखवले. वडिलांच्या खाली पाहण्याचे कारण ते. उलट, किंमत मोजणारा माणूस मान वर करून जेवतो. मिसळीच्या दुकानात माझी नात रस्सा आणखी मागते तेव्हा पळीचा आवाज ऐकत नाही. हे सुख लहान नाही.

आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की, हॉटेलाच्या गल्ल्यावर आडनाव विचारत नाहीत. ज्या गावात हे घडले त्या गावाचा इतिहास आठवावा. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घराजवळचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला; साधे पाणी देणे हे त्या वेळी धाडस होते. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाच्या निमित्ताने पुण्यातल्या प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. कुणी चहा प्यायले, कुणी नुसता हात लावला. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे छापून आणली आणि गावात ग्रामण्य माजले. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्तांवर येऊन थांबले. एक पेला चहा, आणि एवढी मोठी माणसे! आज त्याच शहरात अमृततुल्याच्या फळीवर कोण कुणाशेजारी उभा राहून चहा पितो हे पाहण्याची कुणाला सवड नाही. ही मोकळीक संतांच्या उपदेशाने जेवढी आली तेवढीच नाण्यानेही आणली. नाणे कुणाच्या हातून आले ते नाणे सांगत नाही.

वार मात्र सांगत असत. वडिलांना सात घरे मिळाली ती ते ब्राह्मणाचे मुलगे होते म्हणून. त्याच वर्षी त्यांच्याइतकाच हुशार, त्यांच्याइतकाच भुकेला दुसऱ्या जातीचा मुलगा पुण्यात आला असता, तर सदाशिव आणि शनिवार पेठांतले एकही दार त्याला उघडले नसते. त्याच्यासाठी निराळीच माणसे जन्माला यावी लागली. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह काढले आणि सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवले. मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. येरवड्याच्या करारानंतर १९३२ साली भाऊरावांनी पुण्यातही युनियन बोर्डिंग हाउस काढले. म्हणजे वडील पुण्यात आले तेव्हा या शहरात दोन तऱ्हेची पाने मांडली जात होती. एक जात पाहून मांडलेले आणि दुसरे जात मोडण्यासाठी मांडलेले. वडील पहिल्या पानावर जेवले. दुसऱ्याची त्यांनी चौकशीही केली नाही.

आता मला त्या पत्राकडे यायचे आहे.

गुरुवारच्या बाईंचे सांगणे वडिलांनी मानले. रत्नागिरीच्या आमच्या घरी दर गुरुवारी एक विद्यार्थी जेवायला असे. मी आठ-दहा वर्षांचा होतो; माझ्या पानाशेजारी त्याचा पाट मांडलेला मला स्पष्ट आठवतो. मुले बदलत गेली, पाट तोच होता. वडील वाढणाऱ्या आईला सांगत, “पळी वाजू देऊ नकोस.”

त्याच सुमारास, १९५३ साली, आमच्या गावच्या महारवाड्यातला, त्या काळी तसेच म्हणत, एक मुलगा रत्नागिरीला शिकायला आला. तो फार हुशार होता आणि वडिलांचा त्याच्यावर खरा जीव होता. त्यांनी त्याच्या जेवणाखाण्याचा खर्च उचलला. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तो आमच्या घरी येई. ओटीवर बसे. वडील त्याला पाकीट देत, अभ्यास विचारत, इंग्रजीचे धडे समजावत. आई चहा देई. त्याची कपबशी ओटीच्या खिडकीत निराळी ठेवलेली असे. पहिली तारीख कधी कधी गुरुवारी येई. तेव्हा आत पाट मांडलेला असे, आणि तो पाकीट घेऊन पायऱ्या उतरून जाई.

वडिलांचे मन दुष्ट नव्हते. कुणी विचारले असते तर ते म्हणाले असते की, मी दोघांनाही सारखेच देतो. उलट पैशाने पाहिले तर त्याला अधिक देतो. ते खरेही होते. पण एकाला पाट दिला आणि दुसऱ्याला पाकीट. पाच वर्षांत त्यांना ते दिसले नाही. मला दिसत होते, आणि मी विचारले नाही. मुलांना पुष्कळ दिसते. पण आपल्या घरात मांडलेल्या वस्तूंची जागा चुकीची असेल असे त्यांना वाटत नाही.

तो मुलगा पुढे सरकारी नोकरीत मोठ्या पदाला गेला. १९६८ साली त्याची मनिऑर्डर आली. पाच वर्षांत घेतलेली रक्कम त्याने महिन्यामहिन्याने टिपून ठेवली होती, ती सगळी. पाठोपाठ पत्र आले. फार नम्र, फार चांगले पत्र होते. आपण शिकलो ते तुमच्यामुळे, असे त्यात मनापासून लिहिले होते. आणि शेवटी एक ओळ होती, की आता हिशेब पूर्ण समजावा.

वडिलांनी पत्र दोनदा वाचले. मग ते कपाटातल्या तळाच्या खणात ठेवले आणि त्याच्याविषयी बोलले नाहीत. मला वाटले, पैसे परत आल्याचा त्यांना अपमान वाटला असावा. पुष्कळ वर्षांनी, शेवटच्या आजारात, ते एकदा आपण होऊन म्हणाले, “गुरुवारच्या बाईंनी माझं पाकीट घेतलं नाही, कारण त्यांनी मला दिलं होतं त्याची किंमतच होत नव्हती. त्या पोराचं पाकीट मी परत कसं करणार? मी त्याला दिलं होतं ते फेडता येण्यासारखंच.”

त्या एका वाक्यामुळे मला पैशाची दोन तोंडे दिसली. जिथे माणसे माणसांना दाराबाहेर ठेवत होती तिथे पैशाने दार उघडले. किंमत मोजली की बसायला जागा मिळू लागली. आणि जिथे मन उघडायला हवे होते तिथे पैशाने दार लावूनही घेतले. किंमत दिली की पाट मांडायला नको. एकच नाणे लाजेतूनही सोडवते आणि नात्यातूनही सोडवते. लाजेतून सुटावेच. कुणाही मुलाला पळीचा आवाज ऐकत जेवावे लागू नये. पण लाज गेली म्हणजे ऋणही गेले, असे आपण मानू लागलो आहोत, ते मला पटत नाही. ओशाळेपण ही देणाऱ्याच्या आणि समाजाच्या वागण्यातून येणारी गोष्ट आहे. ऋण ही अन्नाच्या स्वभावातली गोष्ट आहे. कुणीतरी पिकवले, कुणीतरी रांधले, कुणीतरी विळीला मोर केला, कुणीतरी गुरूच्या घरी पाणी भरले. तेव्हा आपल्या चार दिवसांच्या यादीवर खुणा झाल्या. किंमत त्या दिवसाची होते. मागच्या दिवसांची होत नाही.

मग पाहुण्याने करावे तरी काय? डोशाचे पैसे देऊन वर हात जोडावेत, असे मी म्हणणार नाही. ते नाटकी होईल. बिल चुकते करावे, रस्सा आणखी मागावा, मान वर ठेवूनच उठावे. फक्त ‘हिशेब पूर्ण’ म्हणू नये. पुढचे पान आपल्याला कुठेतरी मांडायचे आहे एवढे लक्षात ठेवावे, आणि ते मांडताना पाट कुणासाठी आणि पाकीट कुणासाठी हे आपण कशावरून ठरवतो, ते स्वतःला विचारावे.

हे सगळे मी नातीला अशा शब्दांत सांगितले नाही. हकिकत तेवढी सांगितली आणि झोपायला गेलो. मला वाटले, उपदेश टळला, बरे झाले.

सकाळी तिची गाडी होती. चहा पिताना ती म्हणाली, “आजोबा, परवा मिसळ खायला गेले तेव्हा बाकावर समोर एक मुलगा बसला होता. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. इथं तुमच्याच पेठेत आठ जणांत एक खोली घेऊन राहतो. मेसवर जेवतो, पण मेसला रविवारी संध्याकाळी सुट्टी असते. मग तो एक मिसळ दुपारी चारला खातो आणि तीच रात्रीचं जेवण समजतो. मला तेव्हा गंमत वाटली होती.” ती थोडी थांबली. “तुमच्याकडे रविवारी संध्याकाळी काय असतं हो?”

आमच्या घरी आम्ही दोघेच म्हातारी माणसे. रविवारी संध्याकाळी पिठले-भात असतो. हे मी तिला सांगायला हवे होते. माझ्या पेठेत अशी शेकडो मुले अभ्यासिकांतून बसलेली असतात, जिन्यात त्यांच्या चपलांचे ढीग मी रोज ओलांडतो. मेसला कुठल्या वेळी सुट्टी असते हे मला साठ वर्षांत कळले नव्हते. तेही सांगायला हवे होते. पण माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा :

“आडनाव काय त्याचं?”

तिने माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे. रात्री ऐकलेली गोष्ट तिला सकाळी पुन्हा ऐकू आल्यासारखे. मी कप खाली ठेवला. ऐंशी वर्षांच्या माणसाला स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून खाली पाहावे लागले.

“नाही विचारलं मी,” ती म्हणाली. “पण दर रविवारी चार वाजता तो तिथंच असतो.”

तिला गाडीत बसवून मी घरी आलो. त्या आठवड्यातल्या रविवारी साडेतीन वाजता मी काठी घेतली आणि बाहेर पडताना घरात सांगितले की, तांदूळ थोडे जास्त टाका.